जून की जुलै? एका तारखेच्या संदर्भाची गोष्ट

शाहू महाराजांचा जन्म कधीचा असं कोल्हापुरात कुणालाही विचारा, २६ जून १८७४ म्हणून पटकन सांगतील. पण जुनी पुस्तकं काढून बघा, त्यात २६ जुलै सापडते. पुढं कागदपत्रं तपासून जून ठरला, सरकारनंही तोच धरला, तरी जुलै अजून नेटवर कुठं ना कुठं दिसतोच.

भाचीच्या प्रोजेक्टसाठी परवा मी हेच शोधत बसलो होतो. पाच-सहा ठिकाणी जुलै, आणि वाक्यसुद्धा जवळपास शब्दाला शब्द तेच! एकानं कुठनं तरी उचललं, बाकीच्यांनी त्याच्याकडनं. म्हणजे साक्षीदार सहा दिसले तरी साक्ष एकाचीच, आणि हे आधी ओळखता आलं पाहिजे, नाहीतर संदर्भ मोजण्यात काही अर्थ नाही.

विकिडेटा म्हणून विकिपीडियाचाच एक माहितीसाठा आहे, २०१२ ला सुरू झालेला, कुणीही त्यात भर घालू शकतं. तिथं जन्मतारीख, जन्मगाव, सगळं सुटं-सुटं नोंदवतात आणि प्रत्येक नोंदीला स्वतःचा संदर्भ जोडता येतो. मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिथं एकाच माणसाच्या दोन तारखा ठेवता येतात, एकीला पसंतीचा दर्जा, दुसरीला बाद. बाद झालेली डिलीट करायची नाही, ती का बाद झाली ते तिच्यासोबतच लिहायचं. मग उद्या कुणी जुनं पुस्तक घेऊन भांडायला आलाच तर त्याला दिसतं की बाबा, हे आधीच बघून झालंय.

दुखणं वेगळंच आहे. तिथल्या कितीतरी नोंदींना संदर्भ म्हणून एवढंच असतं की ही माहिती अमुक भाषेच्या विकिपीडियातनं आणली. हा पुरावा नव्हे, ही नुसती वाहतूक झाली. त्यात एखादा पेपर विकिपीडिया बघून बातमी छापतो आणि नंतर विकिपीडियावर कुणीतरी त्याच बातमीचा संदर्भ देतं, म्हणजे चूक गोल फिरून पक्की होऊन येते.

पुस्तकाच्या बाबतीत मशीनची थोडी मदत होते. हल्लीच्या पुस्तकांच्या मागच्या कव्हरवर १३ आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर असतो, त्यातले आकडे आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणून बेरीज केली की तिला १० नं पूर्ण भाग जायला पाहिजे, त्यामुळं टाइप करताना एक आकडा जरी चुकला तरी सॉफ्टवेअर लगेच पकडतं. पण नंबर बरोबर आला म्हणून त्या पुस्तकात तसं लिहिलंय असं होत नाही, ते पान उघडून कुणीतरी वाचायलाच लागतं. म्हणून आवृत्ती आणि पान नंबर पाहिजेच, आणि लिंक देत असाल तर कधी बघितली ती तारीख, शिवाय वेबॅक मशीन म्हणून वेबपानांच्या प्रती जपून ठेवणारी साइट आहे तिथं त्या पानाची प्रत सेव्ह करून तिचीही लिंक, कारण साइट बंद पडली की नुसती लिंक काही कामाची नाही.

कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर हे वाचनालय १८५० पासूनचं आहे, जुनी चरित्रं तिथं मिळतील असं वाटतंय. शनिवारी भाचीला घेऊन जाणार आहे, जुलैवालं पान आणि जूनवालं पान, दोन्हीचे नंबर आवृत्तीसकट तिच्याच हातानं वहीत उतरवून घ्यायचेत.