नासलेलं अन्न आणि बाधणारं अन्न

फ्रीजमध्ये दोन भांडी आहेत असं समजा. एकात तापवून ठेवलेलं दूध आहे, त्याला किंचित आंबूस वास येऊ लागलाय. दुसऱ्यात भात आहे. काल रात्री शिजवलेला, ओट्यावरच राहून गेलेला आणि सकाळी कुणाच्या तरी लक्षात आल्यावर आत गेलेला. दिसायला पांढराशुभ्र, मोकळा, वासाला काहीच नाही. बहुतेक जण नाक मुरडून दूध ओतून देतील आणि भात परतून खातील. काटकसरीच्या हिशेबाने पाहिलं तर दोन्ही निर्णय उलटे झाले. दुधाचं अजून काहीतरी करता आलं असतं. टाकायला हवा होता तो भात.

घोळ होतो तो ‘खराब झालं’ या शब्दापाशी. एरवी मराठी याबाबतीत बरीच काटेकोर आहे. दूध नासतं, भाजी विटते, पीठ आंबतं, तेल खवट होतं, बिस्किटं सादळतात. ही सगळी क्रियापदं अन्नाचं काय झालं ते सांगतात. ‘बाधणं’ मात्र खाणाऱ्याचं काय झालं ते सांगतं. नासलेलं अन्न बाधेलच असं नाही, आणि बाधणारं अन्न पुष्कळदा मुळीच नासलेलं नसतं.

याचं कारण असं की ही दोन कामं सहसा वेगवेगळे जीव करतात. फ्रीजमधल्या मांसावर किंवा पालेभाजीवर बुळबुळीत थर आणणारे जिवाणू, उदाहरणार्थ स्यूडोमोनास, थंडीतही आरामात वाढतात. त्यांची संख्या एका ग्रॅममागे कोटीच्या घरात गेली की कुठे वास आणि चिकटपणा जाणवू लागतो. उलट ‘ओ157’ या प्रकारच्या ई. कोलायचे शंभराहून कमी जिवाणू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. शंभर जिवाणूंचा वास कोणत्याही नाकाला येणार नाही. म्हणून ‘वास घेऊन बघ, चांगलं असेल तर खा’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. अन्न खावंसं वाटेल का, एवढंच नाक सांगतं.

ही गल्लत फक्त स्वयंपाकघरातली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकशास्त्रही याच समजुतीत होतं. इटालियन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्चेस्को सेल्मी यांनी 1870च्या दशकात सडण्यातून तयार होणाऱ्या द्रव्यांना ‘टोमेन’ हे नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘टोमा’ म्हणजे प्रेत. अन्नातून होणारी विषबाधा या टोमेनांमुळेच होते, असं पुढे बराच काळ मानलं गेलं. 1888 मध्ये जर्मनीत ऑगस्ट गेर्टनर यांनी बाधलेल्या मांसातून एक ठरावीक जिवाणू वेगळा काढला. आज आपण त्याला साल्मोनेलाच्या कुळात ठेवतो. सडणं वेगळं आणि आजार वेगळा, हे तिथून हळूहळू पटू लागलं. ‘टोमेन पॉयझनिंग’ हा शब्दप्रयोग मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं लोकांच्या तोंडी राहिला.

आता त्या भाताकडे येऊ. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे कवच घालून झोपलेला जिवाणू. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की जागे होतात, वाढतात आणि त्यांच्यातले काही प्रकार उलट्या घडवणारं विष तयार करतात. ते विष उष्णतेला दाद देत नाही. सकाळी भात कितीही खरपूस परतला तरी जिवाणू मरतात आणि विष तसंच राहतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा. खाल्ल्यावर साधारण अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

आपल्या हातांवर आणि नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू याच पठडीतला, त्याचं विषही उकळून जात नाही. एम. ए. बार्बर नावाच्या संशोधकाने 1914 मध्ये फिलिपिन्समधून याची नोंद केली. एका गोठ्यातलं दूध ताजं प्यायलं तर काही होत नव्हतं. तेच दूध बाहेर काही तास ठेवून प्यायलं की पोट बिघडत होतं. हे त्याने स्वतः पिऊन तपासलं. ‘पुन्हा एकदा खळखळून उकळून घेते, मग काही होत नाही’ असं जेव्हा जेव्हा कानावर येतं, तेव्हा मला हा बार्बर आठवतो. उकळणं हा चांगला उपाय आहे, पण भूतकाळ पुसायची ताकद त्यात नाही.

म्हणजे बाधणाऱ्या अन्नासाठी भरवशाचं साधन म्हणजे घड्याळ. 5 ते 60 अंश सेल्सियस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा धरतात. शिजवलेलं अन्न या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. इथे एक बारकावा सुटतो: हा वेळ साठत जातो. जेवताना तासभर बाहेर, मग फ्रीजमध्ये, संध्याकाळी परत तासभर बाहेर, असं झालं की ते दोन तास झाले.

‘गरम भांडं फ्रीजमध्ये ठेवायचं नाही’ म्हणून रात्रभर ओट्यावर गार करत ठेवणं हा तर सर्रास होणारा प्रकार. मोठं पातेलं घ्या, रस्सा मधोमध तासन् तास कोमट राहतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूला नेमकं हेच हवं असतं. 43 ते 45 अंशांच्या आसपास तो दर दहाएक मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. त्यामुळे आठवड्याचं एकदम शिजवून पैसे वाचवणाऱ्यांनी सर्वांत जास्त लक्ष गार करण्याकडे द्यावं. अन्न पसरट डब्यांत पाचेक सेंटीमीटर खोलीपर्यंत वाटून घ्यायचं, किंवा पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळायचं. कोमट झालं की फ्रीजमध्ये. फ्रीज 4 अंशांवर किंवा त्याखाली असेल तर उरलेलं अन्न तीन-चार दिवस चालतं. पुन्हा गरम करताना मधोमध 75 अंश, म्हणजे वाफा येईपर्यंत, आणि खायचं तेवढंच.

फ्रीजलाही वचकत नाही असा एक जिवाणू आहे, लिस्टेरिया. तो शून्याच्या जवळपासही हळूहळू वाढतो आणि अन्नाचं रूप बदलत नाही. गरोदर बाई, तान्हं मूल, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस घरात असेल तर तीन-चार दिवसांची मर्यादा ताणू नये.

पाकिटांवरच्या तारखांतही हाच फरक दडलेला असतो. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची, कुरकुरीतपणाची तारीख, म्हणजे नासण्याच्या बाजूची. ‘यूज बाय’ ही बाधण्याच्या बाजूची. पहिली उलटून गेलेला कोरडा पास्ता बंद पाकिटात असेल तर निर्धास्त शिजवा. दुसरी उलटलेल्या मांसाशी घासाघीस करू नका.

आता ज्यात खरी बचत आहे ती बाजू. आपण टाकतो त्यातलं बरंच नुसतं रूप उतरलेलं असतं. लिबलिबीत गाजरातलं पाणी उडालेलं असतं. तासभर गार पाण्यात ठेवलं की ते पुन्हा ताठ होतं. मध साखरेसारखा गोठला तर बरणी कोमट पाण्यात ठेवा. चॉकलेटवर आलेली पांढरट साय म्हणजे वर आलेला स्निग्धांश किंवा साखर. फ्रीझरमधल्या मांसावरचे पांढरे कोरडे डाग म्हणजे उडून गेलेलं पाणी, चव कमी झाली एवढंच. शिळ्या पावाचा चुरा करून ठेवता येतो, अर्थात त्यावर बुरशी नसेल तर. आणि सुरुवातीचं ते दूध? पाश्चराइज केलेलं, सतत थंड राहिलेलं आणि नुसतंच आंबूस झालेलं असेल तर केक-पॅनकेकच्या पिठात भिजवायला ते उत्तम, कारण तो आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा असतो आणि पदार्थ भाजलाही जातो. कडवट झालं, तार सुटली किंवा रंग बदलला असेल तर मात्र ओतून द्या.

बुरशी दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी असते. ती दिसते, वास देते आणि काही जाती विषही करतात. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेतला तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीवरची बुरशी सापडली आणि अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. तेही शिजवून पुरतं जात नाही. म्हणून बुरशी लागलेले दाणे आणि धान्य निवडत बसू नये, टाकावं. पाव, जॅम, दही, शिजवलेलं अन्न हे मऊ असल्याने बुरशीचे धागे आतवर गेलेले असतात. वरचा ठिपका काढून उपयोग नाही. कोबी, गाजर, कडक चीज अशा घट्ट, कमी ओलाव्याच्या वस्तूंचा मात्र डागाभोवतालचा आणि खालचा अडीच सेंटीमीटर भाग कापून उरलेलं वापरता येतं. सुरी डागातून फिरवायची नाही.

टिकवणीच्या पदार्थांत या फरकाची किंमत सर्वांत जास्त. मोसमात स्वस्त मिळालं म्हणून बरण्या भरून ठेवायच्या, तर आंबटपणा किती आहे हे आधी पाहावं लागतं. सामू (pH, हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) 4.6 किंवा त्याखाली असेल, म्हणजे पुरेसं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस असेल, तर बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा घडवणारा क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू वाढत नाही. नुसत्या पाण्यात भरलेल्या शेंगा, तेलात बुडवून ठेवलेली लसूण, हवाबंद मांस यांत आंबटपणाही नाही आणि हवाही नाही. त्याला राहायला याहून चांगली जागा नाही. त्याचे बीजाणू मारायला 121 अंश लागतात, आणि उघड्या भांड्यातलं पाणी कितीही उकळलं तरी 100 अंशांच्या वर जात नाही. अशी बरणी कधी फुगते, कधी फुगत नाही. काही जाती वासही सोडत नाहीत. ‘जरा चाखून बघते’ हे इथे जिवावर बेतू शकतं. मोठ्या दाबाचं कॅनिंगचं भांडं घरी नसेल तर अशा भाज्या उणे 18 अंशांत गोठवाव्यात. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, झोपतात, त्यामुळे वितळवायचं तेही फ्रीजमध्येच.

हिरव्या आणि मोड आलेल्या बटाट्याचा खटला यात बसत नाही, कारण तिथे जिवाणूंचा संबंधच नाही. हिरवेपणा हरितद्रव्याचा आणि निरुपद्रवी. पण ज्या उजेडाने तो येतो त्यानेच सोलानिनसारखी कडू विषं वाढतात, आणि तीही शिजवून जात नाहीत. थोडा हिरवा भाग जाड कापून काढावा. बटाटा आतपर्यंत हिरवा किंवा कडू असेल तर टाकावा.

एवढं सगळं ऐकून नाकाला सुट्टी देऊ नका. अन्न वेळेत गार केलं, वेळेत फ्रीजमध्ये गेलं, तारीखही आतली, तरी वास चमत्कारिक येत असेल तर मधे कधीतरी वीज गेली असेल, दार उघडं राहिलं असेल. नाकाने ‘नको’ म्हटलं तर ऐकायचं. ‘हो’ म्हटलं तर डब्यावर चिकटवलेली पट्टी वाचायची, आणि त्या पट्टीवर तारखेशेजारी गॅस बंद केल्याची वेळही लिहिलेली असू द्या.