दलित ख्रिस्ती हक्क चळवळ आणि चर्चेसची एकजूट

अनुसूचित जातींमधून ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुन्हा अनुसूचित जातीचा दर्जा मिळावा म्हणून भारतातल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चेसनी मिळून चालवलेली चळवळ. एरवी या चर्चेसचं बाप्तिस्म्यापासून उपासनेपर्यंत बऱ्याच गोष्टींत पटत नाही, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीलासुद्धा, सगळे एकत्र बसत नाहीत, पण या एका मागणीसाठी बिशप, फादर, पास्टर आणि नन्स एकाच बॅनरमागे चालत दिल्लीच्या रस्त्यावर आलेत आणि हे काही दशकं चालू आहे.

प्रश्न सुरू होतो 10 ऑगस्ट 1950 ला निघालेल्या, अनुसूचित जातींची यादी ठरवणाऱ्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून. त्यातला तिसरा परिच्छेद सांगतो की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही, फक्त पंजाबकडच्या काही शीख जातींना तेव्हा सूट होती. पुढे 1956 मध्ये सगळ्या दलित शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना यादीत घेतलं, ख्रिस्ती आणि मुसलमान मात्र बाहेरच राहिले. म्हणजे स्कॉलरशिप नाही, नोकरीत राखीव जागा नाही, राखीव मतदारसंघातून उभं राहता येत नाही आणि जातीवरून मारहाण झाली तर 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण पण नाही. काही राज्यांत ओबीसीत जागा दिलीय, आंध्रात तर त्यासाठी बीसी-सी नावाचा वेगळा गट आहे आणि त्याला आरक्षण फक्त 1 टक्का.

महाराष्ट्रात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते नगर, जालना या भागात. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 मध्ये आलं, आणि पुढच्या काळात तिथल्या महार आणि मांग वस्त्यांमधून बरीच कुटुंबं ख्रिस्ती झाली, शाळा शिकली, त्यातले काही शिक्षक आणि पाळक म्हणजे पास्टर झाले. मग 1956 ला बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी बौद्ध धम्म घेतला. आता एकाच भावकीतली दोन घरं घ्या, दोघांचे पूर्वज गावाबाहेरच राहायचे, दोघांना विहिरीवर मनाई होती, पण आज बौद्ध घरातल्या पोराला एससीचं सर्टिफिकेट मिळतं आणि ख्रिस्ती घरातल्याला फार तर ओबीसीचं. गावाने दोघांना कधी वेगळं धरलं नाही, वेगळं धरलं ते कागदाने, आणि ही गोष्ट सरळसरळ अन्यायाची आहे. म्हणूनच कित्येक घरांत कागदावर हिंदू आणि रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ख्रिस्ती असं दुहेरी जगणं चालतं. त्यांना खोटारडे म्हणणं सोपंय, पण मुलाची फी भरायची असते तेव्हा माणूस काय करेल?

चर्चेसच्या बाजूने दोन मोठ्या संस्था पुढे आहेत. कॅथलिकांची भारतीय बिशप परिषद म्हणजे सीबीसीआय, आणि प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चेसची राष्ट्रीय परिषद म्हणजे एनसीसीआय. एनसीसीआय 1914 पासूनची, आणि तिचं मुख्य ऑफिस नागपूरला आहे, म्हणजे दीक्षाभूमीच्याच शहरात. याच नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 ला उत्तर भारतातली सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे सीएनआय तयार झालं, दक्षिणेत तसंच चर्च ऑफ साउथ इंडिया 1947 मध्येच झालं होतं. ही जोडणी आधी उपासना आणि कारभारापुरती होती, जातीचा प्रश्न त्यात नंतर आला, तो सुद्धा वरून नाही तर दलित पाळकांनी आणि चर्चच्या साध्या सभासदांनी रेटल्यामुळे. सीएनआयचे पाळक अरविंद निर्मल यांनी 1980 च्या दशकात दलित ईश्वरविज्ञान मांडलं, की ख्रिस्त हा दलितांच्या वेदनेतून समजून घ्यायचा आणि तो स्वतः त्या बाजूचा आहे. सेमिनरीमध्ये, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या विद्यालयांत, हा विचार शिकवला जाऊ लागला आणि तिथून शिकलेले पाळक पुढे चळवळीत दिसले.

या लढाईतली खरी अवघड जागा कोर्टाने दाखवली. मद्रासमधला सूसाई नावाचा चांभारकाम करणारा ख्रिस्ती माणूस, सरकार चांभारांना फुकट टपऱ्या देत होतं पण ख्रिस्ती म्हणून त्याला नाकारली, तो सुप्रीम कोर्टात गेला आणि 1985 मध्ये हरला. कोर्टाचं म्हणणं असं की धर्म बदलल्यावर जात उरते इतकं सांगून भागत नाही, जुन्या समाजात जो जाच होता तोच तितक्याच तीव्रतेने नव्या धर्मसमाजातही चालू आहे हे दाखवा. म्हणजे चर्चला जिंकायचं तर आपल्याच विरुद्ध साक्ष द्यायला हवी! आमच्यात सगळे देवाची लेकरं, जातपात नाही, हे वर्षानुवर्षं व्यासपीठावरून सांगितलेलं वाक्य कोर्टात उलटं पडतं. आणि वस्तुस्थिती तर समोरच होती, तमिळनाडूत दलितांची वेगळी दफनभूमी, काही ठिकाणी चर्चमध्ये बसायच्या वेगळ्या जागा, बिशपांमध्ये दलित अगदी थोडे. भारतातल्या ख्रिस्ती लोकांमध्ये निम्म्याहून जास्त दलित असावेत असा चर्चमधल्याच लोकांचा अंदाज आहे, तरी ही अवस्था. डिसेंबर 2016 मध्ये सीबीसीआयने दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं आणि त्यात कॅथलिक चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे लेखी कबूल केलं, उशीर झाला पण ते झालं ही मोठी गोष्ट आहे. अंमलबजावणी मात्र सगळ्या धर्मप्रांतांत, म्हणजे एकेका बिशपच्या हद्दीत, सारखी नाही.

एकत्र कामाचे दोन दिवस ठरलेले आहेत. 10 ऑगस्ट काळा दिवस म्हणून पाळतात, काळ्या फिती, मोर्चे, कलेक्टर ऑफिसला निवेदन. आणि नोव्हेंबरातला दुसरा रविवार दलित मुक्ती रविवार, सीबीसीआय आणि एनसीसीआय दोघेही तो पाळतात. 11 डिसेंबर 2013 ला दिल्लीत संसदेकडे निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, लाठ्या चालवल्या आणि दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांच्यासकट कित्येकांना ताब्यात घेतलं.

सरकारी पातळीवर न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्ये सांगितलं की 1950 च्या आदेशातला तिसरा परिच्छेद पूर्ण काढून टाका, एससीचा दर्जा धर्माशी जोडू नका. आयोगाच्या सदस्य सचिवांनी विरोधी मत नोंदवलं, रिपोर्ट संसदेत यायला 2009 उजाडलं आणि पुढे काही झालं नाही. सुप्रीम कोर्टात 2004 पासून याचिका आहेत. केंद्राने 2022 मध्ये विरोध केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला, त्याला दोन वर्षं दिली होती, नंतर मुदत वाढवली. 2023 मध्ये आंध्र आणि तमिळनाडूच्या विधानसभांनी मागणीच्या बाजूने ठराव केले.

विरोध फक्त सरकारचा नाही. काही दलित संघटनांना भीती वाटते की आहे त्या कोट्यातच वाटेकरी वाढतील, मिशनच्या शाळेत शिकलेले पुढे जातील आणि आपली मुलं मागे पडतील. ही भीती खोटी म्हणून झटकता येत नाही, चर्चेसनी तिच्याशी नीट बोलणी अजून केलेली दिसत नाहीत, मोर्चे बहुतेक आपल्याआपल्यातच निघतात. दुसरीकडे आरक्षण बाजूला ठेवलं तरी संरक्षणाचा मुद्दा उरतोच. 2025 मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने एका पास्टरची ॲट्रॉसिटीची केस रद्द केली, जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण झाल्याची त्याची तक्रार होती, कोर्ट म्हणालं की ख्रिस्ती झाल्यामुळे तो या कायद्याखाली तक्रार करू शकत नाही.