नोकरी सांभाळून पदव्युत्तर शिक्षण: अमेरिकेतील करसवलतींची पार्श्वभूमी

अमेरिकेत दिवसा नोकरी करून संध्याकाळी एमबीए किंवा एमएसच्या वर्गाला जाणाऱ्यांना शुल्कावर कोणती करसवलत मिळते, याची चर्चा बहुतेक वेळा पगारदारांची शिक्षणखर्चाची वजावट थांबवणाऱ्या 2017 च्या कायद्यापासून सुरू होते. वादाचे मूळ मात्र 1967 च्या कर नियमांत आहे. त्याआधी, 1958 च्या नियमांनुसार, शिकणाऱ्याचा मुख्य हेतू पाहिला जात असे. 1967 मध्ये हेतू बाजूला पडला. सध्याच्या कामाचे कौशल्य टिकवणारे वा वाढवणारे, किंवा मालकाने अट म्हणून घातलेले शिक्षण वजावटीस, म्हणजे त्याचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करण्यास, पात्र ठरले. मात्र त्या कामाची किमान पात्रता देणारे किंवा ‘नव्या व्यवसाया’साठी पात्र करणारे शिक्षण वगळले गेले.

या ‘नव्या व्यवसाया’नेच पुढची पन्नास वर्षे गोंधळ घातला. माणूस नवा व्यवसाय करतो की नाही, हे नियम विचारत नाही. पदवीमुळे तो त्यास पात्र होतो का, एवढेच विचारतो. त्यामुळे आयुष्यभर हिशेबाचेच काम करणार असलेल्या लेखापालाने कायद्याची पदवी घेतली, तरी ती वकिलीचे दार उघडते म्हणून तिचा खर्च वजा होत नाही. एमबीएने कोणताही परवाना मिळत नाही, म्हणून तिथे प्रत्येक प्रकरण वेगळे. रुग्णालयात गुणवत्ता-नियंत्रणाचे काम करणाऱ्या एका अनुभवी परिचारिकेने ऑनलाइन एमबीएचे सुमारे 15,000 डॉलर वजा केले, कर खात्याने ते नाकारले, आणि तिने न्यायालयात वकिलाशिवाय बाजू मांडून 2009 मध्ये आपल्या बाजूने निकाल मिळवला. पदवीआधी आणि पदवीनंतर तिचे काम तेच होते, हे निर्णायक ठरले. निकाल न्याय्यच होता, पण तो छोट्या रकमांच्या दाव्यांसाठीच्या संक्षिप्त प्रक्रियेतला असल्याने इतरांना पूर्वदाखला म्हणून वापरता येत नाही.

पगारदारांसाठी ही वजावट 2018 पासून स्थगित झाली आणि 2025 च्या कायद्याने कायमची गेली. स्वतःचा व्यवसाय असलेल्यांना ती अजून मिळते. समान शिक्षणावर समान खर्च करणाऱ्या दोघांत हा भेद करणे अन्यायाचे आहे.

मालकाने भरलेल्या शुल्काला करमुक्ती 1978 च्या कायद्याने दिली, तीही तात्पुरती. पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यातून 1988 मध्ये वगळले, 1991 मध्ये परत घेतले, 1996 च्या मध्यात पुन्हा वगळले आणि 2002 पासून पुन्हा आत घेतले. तरतूद कायम झाली ती 2013 मध्ये. वार्षिक मर्यादा 1986 पासून 5,250 डॉलर आहे; महागाईशी ती जोडली जाईल 2026 नंतरच्या वर्षांसाठी. त्यावरच्या रकमेला करमुक्ती हवी असेल, तर मालकालाही 1967 चीच कसोटी लागते.

1997 च्या कायद्याने आलेल्या ‘लाइफटाइम लर्निंग क्रेडिट’मध्ये (उत्पन्नातून नव्हे, थेट करातून वजा होणारी सवलत) वर्षांची मर्यादा नाही आणि एकच विषय घेतला तरी चालते. 2003 पासून ते 10,000 डॉलरच्या खर्चावर 20 टक्के, म्हणजे जास्तीत जास्त 2,000 डॉलर आहे. शुल्क कितीतरी वाढले, हा आकडा हललेला नाही. 2002 पासून मिळणारी शुल्काची स्वतंत्र वजावट 2020 नंतर बंद झाली. पुण्या-मुंबईहून एच-1बीवर गेलेल्यांनी हेही पाहावे, की वर्षाच्या काही भागात करदृष्ट्या अनिवासी असलेल्याला हे क्रेडिट सहसा मिळत नाही. शिवाय एकाच खर्चावर दोन सवलती चालत नाहीत: शुल्क 12,000 डॉलर असेल आणि कंपनीने 5,250 करमुक्त भरले असतील, तर क्रेडिट उरलेल्या 6,750 वर, म्हणजे 1,350 डॉलर, आणि एकट्या करदात्याचे उत्पन्न 90,000 डॉलरवर गेले असेल, तर तेही नाही.