राजकीय मुक्ती आणि मानवी मुक्ती
विदर्भातल्या खेड्यात राखीव जागेवरून निवडून आलेली दलित सरपंच 15 ऑगस्टला ग्रामपंचायतीसमोर झेंडा फडकवते, ग्रामसभेच्या अध्यक्षस्थानी बसते, आणि तरीही तिच्या वस्तीची स्मशानभूमी वेगळीच असू शकते. पहिली गोष्ट राजकीय मुक्तीची, म्हणजे राज्याच्या लेखी समान नागरिक होण्याची आहे. दुसरी मानवी मुक्ती, म्हणजे रोजच्या जगण्यातही माणूस म्हणून मोकळे होणे, अजून बाकी असल्याची. या दोहोंची गल्लत आपल्याकडे सर्रास होते.

हा भेद कार्ल मार्क्सने 1844 साली प्रसिद्ध झालेल्या ज्यूंच्या प्रश्नावरील लेखात मांडला. ज्यूंना नागरिक म्हणून मुक्त व्हायचे असेल तर त्यांनी आधी धर्म सोडावा, असे जर्मन तत्त्वज्ञ ब्रूनो बाउअर म्हणत होता. मार्क्सने उत्तर अमेरिकेकडे बोट दाखवले: तेथे राज्याला धर्म नव्हता, पण लोक धर्मनिष्ठच होते. म्हणजे राज्य धर्मापासून मोकळे झाले, म्हणून माणूस मोकळा होत नाही. मतदानासाठीची मालमत्तेची अट काढली, म्हणून जमीन कोणाच्या नावावर आहे हा प्रश्नही मिटत नाही.

मानवी हक्कांवरचा त्याचा आक्षेप याच लेखातला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या हक्कांच्या जाहीरनाम्यांतले स्वातंत्र्य म्हणजे दोन शेतांमधली खुंटी ठोकून ठरवलेली हद्द, असे तो म्हणतो. धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणारी भावकी पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही: असा हक्क माणसाला माणसाशी जोडत नाही, दूर ठेवतो.

माझ्या मते मात्र हा आक्षेप भारतीय संविधानाला पूर्णपणे लागू होत नाही. अनुच्छेद 17 अस्पृश्यता नष्ट करते आणि अनुच्छेद 15(2) सार्वजनिक विहिरी, तळी, दुकाने यांच्या वापरात भेदभावाला मनाई करते. हे हक्क केवळ सरकारविरुद्ध नाहीत, ते शेजाऱ्यालाही बांधतात. त्या हक्कांनी धुरा आखला जात नाही, एकाच विहिरीच्या काठावर दोघांना उभे राहता येते. शिवाय राजकीय मुक्ती हे मोठे पाऊल आहे, हे मार्क्सनेही मान्य केले होते.

त्या पावलाची मर्यादा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत सांगितली: राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. मार्क्सच्या लेखी मानवी मुक्तीची वाट धर्माच्या पलीकडे जाते. संविधानाच्या या शिल्पकाराने, धर्मनिरपेक्ष राज्यात राहूनही, ती एक धर्म सोडून दुसऱ्यात शोधली.