89-89 : थकलेल्या पायांची भूमिती

19 जून 2016. ओकलंडमध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या अंतिम फेरीचा सातवा, निर्णायक सामना. गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स 89-89 अशा बरोबरीत अडकले होते आणि साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ कुणालाच गुण मिळत नव्हता. जगातले सर्वोत्तम नेमबाज मैदानात होते, तरी एकामागून एक शॉट हुकत होते.

बास्केटच्या रिंगचा व्यास साधारण 45.7 सेंटिमीटर असतो आणि चेंडूचा साधारण 24. ऐकायला ऐसपैस वाटतं. पण चेंडू तिरका येतो, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर गोल रिंग चपटी, लंबगोल दिसते. 45 अंशांत उतरणाऱ्या चेंडूसाठी तिची उंची उरते जेमतेम 32 सेंटिमीटर. 30 अंशांत आला तर 23, म्हणजे रिंगला न घासता तो आत जाऊच शकत नाही. म्हणून चेंडूला उंच कमान द्यावी लागते. ती कमान येते पायांच्या जोरातून, आणि सामन्याच्या शेवटी आधी पायच थकतात. थकलेला खेळाडू तोच हात फिरवतो, पण चेंडू किंचित सपाट जातो, किंचित तोकडा पडतो.

क्लीव्हलँडचा लेब्रॉन जेम्स त्या रात्री 48 पैकी जवळजवळ 47 मिनिटं खेळला, त्याचा साथीदार कायरी अर्व्हिंग 43. लेब्रॉनचे 24 पैकी 9 शॉट पडले, कायरीचे 23 पैकी 10. पाचव्या सामन्यात याच दोघांनी प्रत्येकी 41 गुण काढले होते, म्हणून मालिका 1-3 वरून इथवर आली होती.

दोन मिनिटांहून थोडा कमी वेळ उरला असताना वॉरियर्सचा आंद्रे इग्वोडाला मोकळा ले-अप, म्हणजे रिंगजवळ जाऊन मारायचा सोपा शॉट, टाकायला निघाला. मागून लेब्रॉन धावत आला आणि त्याने चेंडू रिंगमागच्या बोर्डावर दाबून अडवला. जोरदार धाव-उडीची ऊर्जा स्नायूंतल्या फॉस्फोक्रिएटिनच्या साठ्यातून मिळते. तो काही सेकंदांत बराचसा संपतो आणि भरून यायला काही मिनिटं लागतात; टाइम-आउट, फ्री थ्रोची थांबाथांब अशा वेळी मोलाची ठरते. पण माझ्या मते इथे उडीपेक्षा वेळ साधणं जास्त अवघड होतं. बोर्डाला लागून रिंगकडे निघालेल्या चेंडूला हात लावला तर गुण मंजूर होतात, म्हणून हात त्याआधीच पोचायला हवा. 90 सेंटिमीटर उंच उडी मारणारा माणूस हवेत असतो फक्त 0.86 सेकंद. त्यातला सुमारे 70 टक्के वेळ तो उडीच्या वरच्या अर्ध्या भागात असतो, म्हणून तो हवेत थबकल्यासारखा भासतो. समोरच्या जे. आर. स्मिथला चुकवण्यासाठी इग्वोडालाने हवेतच चेंडू सावरला. तेवढा क्षणभराचा उशीर लेब्रॉनला पुरला.

मग 53 सेकंद उरले असताना कायरीसमोर वॉरियर्सचा स्टीफन करी होता. कायरी एका बाजूला सरकला, मागे गेला आणि उसळला. डोळ्यांनी पाहिलेल्या हालचालीला शरीराने उत्तर द्यायला साधारण पाव सेकंद लागतो. अंतर तयार होतं ते त्या पाव सेकंदात. तीन गुणांची रेषा 7.24 मीटरवर. तिथून सुटलेला चेंडू सव्वा सेकंदाच्या आसपास हवेत राहतो. हिशेब करून पाहिला तर सुटतानाच्या वेगात एक टक्क्याची चूक म्हणजे चेंडू सुमारे 15 सेंटिमीटर इकडेतिकडे. आणि 45 अंशांत येणाऱ्या चेंडूला मागेपुढे मिळणारी सूट जेमतेम 6 सेंटिमीटर. 43 मिनिटं पळालेल्या पायांवरून, अंगावर आलेल्या खेळाडूच्या हातावरून कायरीने तो मेळ साधला. 92-89.

करीचा पुढचा शॉट हुकला. शेवटी 10.6 सेकंद उरली होती. फाउल झालेला लेब्रॉन जोरात आदळला आणि मनगट धरून कळवळला. तरी फ्री थ्रो त्यालाच टाकायचे होते, साडेचार मीटरवरून, कुणीही न अडवता. पहिला हुकला. दुसरा पडला. 93-89, आणि क्लीव्हलँड शहराला 52 वर्षांनी मोठ्या खेळातलं विजेतेपद मिळालं.