अपग्रेड चालू असताना वीज गेली तर?

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि तेव्हापासून घरचा कॉम्प्युटर ११ वर न्यावा की नाही यावर चर्चा झडताहेत. त्यात एक शंका हटकून येते: मधेच वीज गेली तर मशीन कायमचं बसणार ना? पडद्यावर 'कॉम्प्युटर बंद करू नका' अशी ताकीद आणि आकडा ३७ टक्क्यांवर ठाण मांडून बसलेला, म्हटल्यावर कोणालाही धाकधूक वाटणारच. ताकीद पाळावी. पण वीज गेलीच, तर बहुतेक वेळा मशीन पुन्हा चालू होतं आणि काम पुढे सरकतं किंवा जुनं विंडोज जसंच्या तसं परत येतं. हे कसं जमतं ते मला अपग्रेडमधल्या कुठल्याही नव्या सोयीपेक्षा जास्त देखणं वाटतं.

आपल्या मनातलं चित्र असं असतं की नवी सिस्टीम जुनीच्या अंगावर, एकेक फाइल पुसत लिहिली जाते. विंडोज ९५ वरून ९८ वर जाताना बराचसा प्रकार तसाच होता. आता तसं होत नाही. तुम्ही तुमचं काम करत असतानाच काही जीबींचा मजकूर उतरतो, तपासला जातो आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या एका लपवलेल्या फोल्डरात जमा होतो. चालू सिस्टीमला अजून हातही लागलेला नसतो. मग रीस्टार्ट. तो लागतो, कारण चालू विंडोज स्वतःच्या फायली घट्ट धरून ठेवतं आणि त्या कोणाला बदलू देत नाही. म्हणून पुढचं काम एक छोटेखानी विंडोज करतं. ते पूर्णपणे रॅममध्ये राहतं, स्वतःला एक्स ड्राइव्ह म्हणवतं आणि सी ड्राइव्हकडे बाहेरून बघतं. तिथून ते जुनं विंडोज फोल्डर उचलून 'विंडोज डॉट ओल्ड' मध्ये टाकतं आणि नवं त्याच्या जागी आणतं.

वीसेक जीबींचं फोल्डर उचलायला किती वेळ लागत असेल? जवळपास काहीच नाही, कारण उचललं जातच नाही. एनटीएफएस या फाइल व्यवस्थेत प्रत्येक फाइलची आणि फोल्डरची एका मोठ्या तक्त्यात नोंद असते, साधारण १ केबीची. फाइलचं नाव काय, ती कोणत्या फोल्डरात आहे, तिचा मजकूर डिस्कवर कुठे आहे, हे सगळं त्या नोंदीत. एकाच ड्राइव्हवर फोल्डर 'हलवणं' म्हणजे फक्त नोंदी बदलणं, जसं पुस्तकाच्या पानांना हात न लावता अनुक्रमणिका दुरुस्त करावी. आतल्या लाखभर फायलींना पत्ताही लागत नाही.

तरी एवढ्याशा बदलातही किमान तीन ठिकाणी लिहावं लागतं. जुन्या जागेच्या यादीतून नाव काढायचं, नव्या जागेच्या यादीत घालायचं आणि खुद्द फोल्डरच्या नोंदीत 'माझा पालक कोण' ते बदलायचं. पहिली पायरी झाली आणि वीज गेली, तर फोल्डर ना इथे ना तिथे. पूर्वीच्या फॅट व्यवस्थेत अगदी असंच व्हायचं. विंडोज ९८ चं मशीन चुकीच्या पद्धतीने बंद झालं की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क हा तपासणीचा प्रोग्राम अख्खी डिस्क पिंजत बसे आणि सापडलेल्या तुकड्यांच्या फायली करून ठेवत असे. त्या उघडून कधी कोणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही.

एनटीएफएस १९९३ साली विंडोज एनटी ३.१ बरोबर आली. तिने डेटाबेसच्या जगातली एक रीत उचलली: आधी रोजकीर्द, मग कृती. कोणताही बदल करण्यापूर्वी लॉगमध्ये दोन गोष्टी लिहायच्या. हा बदल पुन्हा करायचा झाला तर काय लिहायचं आणि रद्द करायचा झाला तर काय लिहायचं. तिन्ही पायऱ्यांचं लिहून झालं की शेवटी 'पक्कं' असा शेरा. वीज जाऊन मशीन परत सुरू झालं की फाइल व्यवस्था आधी हा लॉग वाचते. 'पक्कं' असा शेरा सापडला तर तिन्ही पायऱ्या पुन्हा करते, मग त्या आधी झाल्या असोत वा नसोत. शेरा नसेल तर झालेल्या पायऱ्या उलट्या फिरवते. म्हणजे फोल्डर एक तर जुन्या जागी, नाही तर नव्या जागी, अधांतरी कधीच नाही. आणि हे सावरणं चालू असतानाच पुन्हा वीज गेली तर? काही बिघडत नाही. 'या जागी अमुक लिहा' ही सूचना एकदा पाळली काय आणि दहादा पाळली काय, परिणाम तोच. या शिस्तीमागचा सिद्धान्त पक्का करणाऱ्यांत जिम ग्रे हे मोठं नाव. त्यांना १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं ते डेटाबेस आणि व्यवहार-प्रक्रियेवरच्या कामासाठी.

यात एक मेख आहे. डिस्कला किंवा एसएसडीला स्वतःची कॅश, म्हणजे तात्पुरती साठवण, असते. तिथे आलेला मजकूर ती आपल्या सोयीने, मागेपुढे करून लिहिते. लॉगच्या आधी बदलच डिस्कवर पोचला तर सगळी शिस्त पाण्यात. म्हणून मधे मधे 'फ्लश'ची आज्ञा द्यावी लागते: हातात आहे ते कायमचं लिही, मग पुढचं घे. ड्राइव्हने न लिहिताच 'लिहिलं' म्हणून सांगितलं तर वरच्या थराला ते कळायचा मार्ग नसतो. शिवाय एनटीएफएसचा लॉग फाइल व्यवस्थेची रचना सांभाळतो, तुमच्या फाइलच्या आतला मजकूर नव्हे. त्यासाठी बॅकअपच हवा, आणि तो दुसऱ्या ड्राइव्हवर.

या थराच्या वर अपग्रेडचा स्वतःचा हिशेब असतो. कोणत्या टप्प्यावर आहोत ते लिहून ठेवलेलं असतं आणि बूटच्या, म्हणजे मशीन कशातून सुरू करायचं त्याच्या, यादीत परतीच्या वाटेची एक नोंद आधीच घातलेली असते. नवं विंडोज उभंच राहिलं नाही तर मशीन त्या वाटेने मागे फिरतं. सगळं सुरळीत झालं तरी जुनी सिस्टीम साधारण १० दिवस डिस्कवर ठेवली जाते. म्हणून जागा कमी पडते म्हणत 'विंडोज डॉट ओल्ड' पहिल्याच दिवशी उडवू नये.

क्रोमबुक लॅपटॉपवरच्या गूगलच्या क्रोमओएस सिस्टीमने हाच विचार टोकाला नेला. तिथे सिस्टीमच्या दोन जागा कायमच्या, अ आणि ब. तुम्ही अ वर काम करत असता, अपडेट गुपचूप ब वर लिहिलं जातं. डिस्कचे भाग नोंदवणाऱ्या विभाजन-तक्त्यात प्रत्येक जागेपुढे तीन खुणा: प्राधान्य किती, किती प्रयत्न शिल्लक आणि आधी यशस्वी झाली का. मशीन सुरू होताना ब चा एक प्रयत्न *आधी* खर्ची टाकला जातो आणि मगच ती सुरू केली जाते. ती नीट उभी राहिली तर स्वतःच 'यशस्वी' अशी खूण करते. मधेच गोठली तर प्रयत्न संपतात आणि मशीन निमूट अ वर परत येतं. अपयश कळवायला कोणी शिल्लकच राहत नाही, हे धरूनच ही मांडणी केलेली आहे! अँड्रॉइडमध्ये ही पद्धत २०१६ च्या ७.० आवृत्तीपासून आली.

मग अपग्रेड फसतात ते कशाने? एक लोकप्रिय समजूत अशी की विंडोजची एक आवृत्ती चांगली आणि पुढची वाईट, त्यामुळे एक सोडून अपग्रेड करावं. ९८ चांगलं, एमई वाईट, एक्सपी चांगलं, व्हिस्टा वाईट. साडेसाती मोजावी तसं हे मोजतात. व्हिस्टाच्या दुखण्याचं एक मोठं कारण उघड होतं: ग्राफिक्स ड्रायव्हरची (सिस्टीमला हार्डवेअरशी बोलायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची) रचनाच बदलली आणि उत्पादकांचे ड्रायव्हर तयार नव्हते. विंडोज ७ ने तीच रचना पुढे चालवली, तोवर ड्रायव्हर सुधारले होते. तेव्हा आकडे मोजण्यापेक्षा तुमच्या प्रिंटरचा, वायफायचा, ग्राफिक्सचा नव्या सिस्टीमसाठीचा ड्रायव्हर उत्पादकाच्या साइटवर आहे का ते बघा. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर आणि रजिस्ट्री साफ' म्हणणारी सॉफ्टवेअर मात्र अपग्रेडच्या आधी काढूनच टाका. त्यांच्यामुळे झालेली सफाई निस्तरणं अपग्रेडपेक्षा अवघड असतं.

दुसरी अडचण ११ ची स्वतःची. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि सिक्युअर बूटची (फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देण्याची) सोय लागते, म्हणून लोक बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, जाऊन त्या सोयी चालू करतात. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असेल तर इथे गंमत होते. मशीन सुरू होताना बूटच्या एकेका टप्प्याचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला ठशासारखा आकडा, टीपीएममध्ये आधीच्या हॅशशी गुंफला जातो, आणि शेवटचा आकडा नेहमीचाच आला तरच डिस्कची किल्ली बाहेर येते. सिक्युअर बूट चालू केलं की तो आकडा बदलतो. चिपच्या दृष्टीने हे परकं मशीन. मग पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती कुठे आहे ते बायोसला हात लावण्यापूर्वी शोधून कागदावर लिहून घ्यावी, कारण त्याच डिस्कवर साठवलेली की त्या क्षणी डिस्कइतकीच बंद असते.

राहिली बायोसची अपडेट, जी कधी कधी अपग्रेडच्या आधी करावी लागते. तिथे वर सांगितलेलं बरंचसं लागू नाही. अनेक मदरबोर्डांवर बायोसची चिप एकच असते आणि नवी आवृत्ती जुनीच्याच जागेवर लिहिली जाते. काही बोर्डांवर दुसरी, राखीव चिप असते. आपल्या बोर्डावर ती आहे का ते माहितीपुस्तिकेत बघावं. नसेल तर ती काही मिनिटं लॅपटॉप चार्ज करून आणि चार्जरला जोडून, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर चालवावा. वीज जाण्याची भीती बाळगायचीच असेल तर ती इथे बाळगा.