कांड्या करकोचा की क्रौंच? हतनूरला ओळखायचं कसं

हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेव गावाच्या बाजूला, उंच पायांचे राखाडी पक्षी उतरले की हा प्रश्न हमखास पडतो. दोघेही उत्तरेकडून येणारे, दोघांचीही मान काळी. पुस्तकं आधी उंची सांगतात: कांड्या करकोचा सुमारे ९० सेंटीमीटर, क्रौंच ११० च्या आसपास. पण पाणी ओसरलेल्या गाळपेरावर लांब एकटाच उभा असलेला पक्षी किती उंच आहे, हे डोळ्याला कळत नाही. उंची सोडा. काळा रंग कुठे संपतो ते पाहा.

क्रौंचाचा काळा रंग गळ्यावरच थांबतो, खालची मान आणि छाती राखाडी. करकोच्याचा काळा रंग थेट छातीपर्यंत उतरतो आणि तिथे लांब काळी पिसं लोंबतात, वारा असला की हलतातही. माझ्या मते ही एक खूण पक्की बसली तर अर्ध्याहून जास्त शंका मिटतात. उडतानाही तीच कामाला येते. दोघंही मान ताणून उडतात (बगळे मान दुमडतात), दोघांच्याही पंखांची मागची कड काळी, म्हणजे पंखांवरून काहीच ठरत नाही. छाती काळी दिसली तर करकोचा.

क्रौंचाच्या डोक्यावरचा लाल डाग सगळे आधी शोधतात, पण लांबून तो सहज दिसत नाही. त्यापेक्षा डोळ्यामागचं पांढरं पाहा. क्रौंचाचा पट्टा मानेवर उतरतो, करकोच्याला पांढऱ्या पिसांचा झुबका असतो. क्रौंचाची पाठीमागची पिसं झुपकेदार, करकोच्याची लांब आणि निमुळती.

पहिल्या वर्षाच्या पिलांचे रंग मळकट असतात, त्यांची ओळख सोबतच्या मोठ्यांवरून करावी. पिलू एकटंच असेल आणि खात्री नसेल, तर नोंदीत नाव घालू नका.

करकोचे मंगोलिया-कझाकस्तानच्या गवताळ मुलखात वीण करतात आणि हिमालय ओलांडून येतात. राजस्थानातल्या खिचनला ते हजारोंनी जमतात. आपल्याकडे चार-पाच दिसले तरी ती मोठी गोष्ट आहे, म्हणून फोटोसाठी त्यांच्या मागे धावू नका. रात्र ते उथळ पाण्यात काढतात आणि सकाळी शेतांत दाणे टिपायला जातात. तेव्हा धरणावर नुसतं पाणी न्याहाळण्यापेक्षा आसपासच्या हरभऱ्याच्या शेतकऱ्यांना विचारा, बांधावरच थांबा आणि एक फोटो बाजूने, छाती नीट दिसेल असा घ्या.